शोकाच्या घरात तेलाची वाटी

वाचकहो, या सदराला येणारी पत्रं बहुतेक लोणच्याची, मुलांच्या परीक्षांची, नाहीतर सासू-सुनांची! पण गेल्या महिन्यात खानापूरकडून एका भगिनीचं चार पानी पत्र आलं आणि ते वाचून मी दोन दिवस दुसऱ्या पत्रांना हात लावला नाही. पत्र मराठीत होतं. थोडक्यात सांगते. पती जाऊन आठ महिने झाले आहेत. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत डोळा लागत नाही. पुण्याच्या बहिणीने लव्हेंडर तेलाची छोटी बाटली पाठवली आहे. मंडळीतल्या एक ज्येष्ठ बाई म्हणतात, "बाटलीवर भरवसा ठेवतेस, म्हणजे प्रभूवरचा कमी झाला!" दुसऱ्या एक ओळखीच्या म्हणतात, "प्रार्थना केलेलं खास तेल विकत मिळतं, तेच घे." आता मी कुणाचं ऐकू?

आणि पत्राच्या शेवटी, सही झाल्यावर, ताजा कलम म्हणून एकच ओळ कन्नडात: 'कूदलिगे एण्णे हच्चबहुदा?' केसांना तेल लावलं तर चालेल का?

चार पानं मराठीत लिहिणाऱ्या बाईने ही एक ओळ कन्नडात का लिहिली असेल? आपल्यासारख्या दोन भाषांच्या घरात वाढलेल्यांना ते सांगायला नको. जे विचारायला जीभ अडखळते, ते आपण दुसऱ्या भाषेत विचारतो. मला तर वाटतं, सगळं पत्र त्या एका ओळीसाठीच लिहिलेलं होतं.

मी स्वतः ख्रिस्ती घरातली. माहेर मराठी, सासर कन्नड. आमच्याकडे जेवणाआधीची प्रार्थना मराठीत होते आणि मुलांना रागावणं कन्नडात! तीन वर्षांपूर्वी ऐन पावसाळ्यात माझे मिस्टर गेले. तेव्हा हे उत्तर पुस्तकातलं आहे तितकंच घरातलंही आहे. ख्रिस्ती नसलेल्या वाचकांनीही पान उलटू नये. मरण कुणाचा धर्म विचारून येत नाही, आणि तेलाची वाटी तर आपल्या सगळ्यांच्याच घरात असते.

शास्त्रातला सुवास

आधी त्या ज्येष्ठ बाईंचं बोलणं घेऊ. तेल, पाला, मुळी वापरली की विश्वास कमी होतो का? पवित्र शास्त्र उघडलं तर पानापानांतून सुवास येतो! नाताळच्या नाटुकल्यात लहान मुलं मागी लोकांच्या वेषात सोनं, ऊद आणि गंधरस घेऊन येतात, ते आपण दरवर्षी पाहतो. हा गंधरस म्हणजे कोण हो? कन्नड बायबलात त्याला 'रक्तबोळ' म्हटलं आहे, आणि काष्ठौषधीच्या दुकानात 'हिराबोळ' म्हणून मागितला की तोच तांबूस, कडवट डिंक पुडीत बांधून मिळतो. येशूच्या जन्माच्या वेळी आलेला गंधरस शेवटी त्याच्या कबरेपाशीही येतो. योहानाच्या शुभवर्तमानाच्या १९व्या अध्यायात निकदेम गंधरस आणि अगरू यांचं मिश्रण घेऊन येतो, तेही थोडंथोडकं नाही. आजच्या मापाने तीस किलोंच्या वर! अगरू म्हणजे कोरफड नव्हे बरं का. ते अगर वृक्षाचं सुगंधी लाकूड. आपल्या अगरबत्तीत तोच 'अगर' आहे.

आणि बेथानीचं ते घर! मरीया, मार्था आणि त्यांचा भाऊ लाजर. लाजर मरून चार दिवस झाले होते. कबरेवरची धोंड काढा असं येशूने सांगितलं, तेव्हा मार्था म्हणाली की आता त्याला दुर्गंधी येत असेल. शोकाचं घर कसं असतं ते या एका वाक्यात आहे. आणि पुढच्याच अध्यायात त्याच भावंडांच्या गावी जेवणाची पंगत बसलेली असताना मरीया जटामांसीचं तेल येशूच्या चरणांना लावते आणि सगळं घर सुवासाने भरून जातं. त्या तेलाची किंमत तीनशे दिनार सांगितली आहे. एक दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी, म्हणजे जवळजवळ वर्षाची कमाई! ही जटामांसी म्हणजे आपल्या हिमालयात उंचावर उगवणारी मुळीच, असं बहुतेक अभ्यासक मानतात. यहूदा इस्कार्योत कुरकुरला की हे पैसे गरिबांना द्यायचे होते. येशू म्हणाला, तिला राहू दे. माझ्या उत्तरकार्याच्या दिवसासाठी तिने हे ठेवलं आहे. मरणाची सावली घरावर आलेली असताना एका बाईने सुवास आणला, आणि प्रभूने तो नाकारला नाही.

मला सगळ्यात जवळच्या वाटतात त्या कबरेकडे निघालेल्या तीन बाया. मार्काच्या १६व्या अध्यायात त्यांची नावं आहेत: मग्दालीया मरीया, याकोबाची आई मरीया आणि सलोमे. शब्बाथ संपताच त्यांनी सुगंधी द्रव्यं विकत घेतली आणि भल्या पहाटे निघाल्या. वाटेत एकमेकींना विचारताहेत की कबरेच्या तोंडावरची धोंड कोण लोटणार? म्हणजे बघा, उत्तर ठाऊक नाही, तरी हातात पुडी घेऊन चालताहेत. गेलेल्या माणसाला त्या सुगंधाने जिवंत करता येईल असं त्यांना मुळीच वाटत नव्हतं. पण घरी बसून हात रिकामे ठेवणं त्यांना सोसत नव्हतं. ज्या घरात माणूस गेलंय त्या घरातल्या बाईला हे समजावून सांगावं लागत नाही. वर्षानुवर्षं त्याच्या डब्याची, औषधाची, पाय चेपण्याची सवय झालेले हात एका दिवसात बेकार होतात!

तेव्हा त्या बाईंना माझा निरोप सांगा: ज्याने शुभवर्तमान लिहिलं तो लूक स्वतः वैद्य होता, आणि त्याने सांगितलेल्या गोष्टीतला चांगला शोमरोनी वाटेवरच्या जखमी माणसाच्या जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओततो. त्याचा विश्वास कमी होता असं कुणी म्हणत नाही.

नामी आणि रूथ

आता तो ताजा कलम.

शोकात तेल लावायचं नाही ही रीत फार जुनी आहे आणि ती फक्त आपल्याकडचीच नाही. शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकात तकोवा गावच्या एका बाईला शोक करणारीचं सोंग घ्यायला सांगतात, तेव्हा तिला बजावतात की शोकाची वस्त्रं घाल आणि तेल लावू नकोस. म्हणजे तेल न लावणं हीच शोकाची खूण होती. त्याच पुस्तकात दावीद राजा आपलं मूल आजारी असताना जमिनीवर पडून उपास करतो. मूल गेल्यावर मात्र तो उठतो, अंघोळ करतो, तेल लावतो, कपडे बदलतो, देवाच्या मंदिरात जातो आणि मग जेवायला मागतो. शोकाला एक दार होतं आत जायला आणि एक दार होतं बाहेर यायला.

आपल्याकडे सुतकात तेल लावत नाहीत, तेही तसंच. दहा-तेरा दिवसांची गोष्ट. पण बाईचा नवरा गेला तर तिला बाहेर यायचं दारच नसे! फूल नको, अत्तर नको, वासाचं तेल नको, जन्मभर. या दुःखावर मराठीत सगळ्यात आधी कादंबरी लिहिणारा माणूस आपल्या बेळगावात जन्मला, हे आपल्या मुलांना सांगायला हवं. बाबा पदमनजी यांचा जन्म १८३१ सालचा. १८५४ साली ते ख्रिस्ती झाले आणि १८५७ साली त्यांचं 'यमुनापर्यटन' प्रसिद्ध झालं. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून तिचं नाव घेतात, आणि तिचा विषय विधवांची दुर्दशा हाच आहे. त्याला आता दीडशेहून जास्त वर्षं झाली. ख्रिस्ती घरांतून केशवपन गेलं, कुंकवाचा प्रश्न उरला नाही, पण वासाच्या तेलाचा धाक मागच्या दाराने आत येऊन बसला तो बसलाच. आजही नवरा गेलेल्या बाईच्या केसांना मोगऱ्याच्या तेलाचा वास आला की चर्चच्या मागच्या बाकावर दोन माना वळतात. खोटं सांगत असेन तर सांगा!

अशा वेळी मला रूथचं पुस्तक आठवतं. नामी नावाची बाई. परमुलखात नवरा गेला, मग दोन्ही मुलगे गेले. गावी परत आल्यावर ती बायकांना म्हणते, मला नामी म्हणू नका, मारा म्हणा. मारा म्हणजे कडू. गंधरसाचं इब्री नावही याच 'कडू' अर्थाच्या धातूपासून आलं आहे. कडूपणातूनच तो सुगंध येतो! अशी ही कडवटलेली सासू पुढे तिसऱ्या अध्यायात आपल्या विधवा सुनेला काय सांगते? अंघोळ कर, तेल लाव, चांगली वस्त्रं नेस आणि बाहेर पड. जिचा मुलगा गेला ती बाई त्याच्याच बायकोला तेल लावायला सांगते आहे. कन्नड बायबलात या सासूचं नाव नोवोमी आहे. नाव कुठलंही घ्या, पण अशी सासू प्रत्येक घराला मिळो.

मला मिळाली. माझ्या अत्ती आज चौऱ्याऐंशी वर्षांच्या आहेत. मिस्टर जाऊन दीड महिना झाला होता. माझ्या केसांच्या जटा व्हायच्या बाकी होत्या. कोणीतरी 'अजून नको' म्हणालं होतं, आणि मलाही इच्छा नव्हती. एका शनिवारी दुपारी अत्तींनी खोबरेल तेल कोमट केलं, त्यात आदल्या दिवशी वाळ्याची मुळं भिजत टाकली होती. मला पाटावर बसवलं आणि म्हणाल्या, "एण्णी हच्चिको, यव्वा." तेल लाव, बाई. मग स्वतःच लावायला लागल्या. त्यांचे हात थरथरत होते. ज्याच्या टाळूवर त्यांनी पहिलं तेल घातलं तो त्यांचा मुलगा गेला होता, आणि त्या माझ्या डोक्यावर तेल घालत होत्या. आम्ही दोघी एक शब्द बोललो नाही. नंतर मी त्यांच्या तळपायांना तेच तेल चोळलं. त्या रात्री मला चार तास झोप लागली. दुःख कमी झालं असं मी म्हणणार नाही. पण दुःख वागवायला अंग जरा तयार झालं.

म्हणून माझ्या भगिनी, तुमच्या त्या एका ओळीचं उत्तर: हच्चबहुदु. लावा. कोणाची परवानगी हवी असेल तर नामीची घ्या.

नाकाचं शास्त्र

आता लव्हेंडरच्या बाटलीकडे वळू. सुवासाने मनाला बरं का वाटतं? डोळ्यांनी पाहिलेलं, कानांनी ऐकलेलं मेंदूत आधी थॅलॅमस नावाच्या एका मधल्या ठाण्यावर जातं आणि मग पुढे वाटलं जातं. वासाला मात्र हा थांबा घ्यावा लागत नाही. नाकापासून निघालेला निरोप थेट मेंदूच्या त्या भागांजवळ पोचतो, जिथे भावना आणि आठवणी सांभाळल्या जातात. म्हणून एखादा वास आला की तीस वर्षांपूर्वीची ओसरी डोळ्यांपुढे उभी राहते.

पण हे दुधारी आहे हं! माझे मिस्टर म्हैसूर सँडलचा साबण वापरायचे. म्हैसूरची सरकारी चंदन तेलाची फॅक्टरी १९१६ सालची, आणि आमच्या घरातली त्या साबणाची परंपराही जवळजवळ तेवढीच जुनी! ते गेल्यावर चार महिन्यांनी मध्यवर्ती बसस्थानकावर कुणीतरी अनोळखी माणूस शेजारून गेला आणि तोच वास आला. मी बॅग खाली ठेवून तिथल्या बाकावर बसून राहिले, धारवाडची बस गेली तरी. तेव्हा दुसऱ्याला सुवासाची भेट देण्याआधी विचारा. तुम्हाला प्रसन्न वाटणारा मोगरा तिच्यासाठी शवपेटीवरच्या हाराचा वास असू शकतो. ज्याला जुन्या वासाचा त्रास होतो त्याने सुरुवातीला नवाच वास घ्यावा, ज्याच्याशी कुठलीच आठवण बांधलेली नाही. आणि ज्याला गेलेल्या माणसाचा सदरा उशाशी घेऊन झोपावंसं वाटतं त्याला झोपू द्यावं.

लव्हेंडरवर चिंता आणि झोप यांच्या संदर्भात बरंच संशोधन झालं आहे. प्रयोग बहुतेक छोटे, आणि यात एक मोठीच अडचण आहे: वास लपवता येत नाही! कोणाला खरं तेल दिलं आणि कोणाला नुसतं पाणी, हे हुंगणाऱ्याला लगेच कळतं. तरी थोडाफार आराम मिळतो असा कल दिसतो. जास्त अपेक्षा ठेवू नये, पण थट्टाही करू नये. मला अधिक मोलाचा वाटला तो स्वीडनमधला २०१० साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास. कर्करोगाने घरचं माणूस गेलेल्या १८ नातेवाइकांना आठवड्यातून एकदा, २५ मिनिटं, हाताला किंवा पायाला हलका मसाज दिला गेला. आठ आठवडे. त्या माणसांनी त्यातून आधार मिळाल्याचं सांगितलं. अभ्यास लहान आहे, पण माझ्या अत्तींना हे कळायला स्वीडनला जावं लागलं नाही! बाटलीत तेल कुठलं आहे यापेक्षा ते लावणारा हात कुणाचा आहे, याला जास्त महत्त्व आहे.

वाटीत काय घालावं?

आता घरगुती गोष्टी. नावं दोन्ही भाषांत देते, म्हणजे बाजारात गोंधळ नको.

वाळा, म्हणजे कन्नडातलं लावंच. लावंच आणि लव्हेंडर यांची नावं सारखी वाटली तरी वनस्पती अगदी वेगळ्या. पहिली गवताची मुळं, दुसरी परदेशी झुडपाची जांभळी फुलं. वाळ्याची मूठभर मुळं स्वच्छ धुऊन पूर्ण वाळवावी आणि दोन वाट्या खोबरेल किंवा तिळाच्या तेलात दोन-तीन दिवस भिजू द्यावी. मग गाळून घ्यावं. मुळं ओली राहिली तर तेलाला बुरशी येते. हे तेल डोक्याला, तळपायांना लावायला छान.

गवती चहा, कन्नडात मज्जिगे हुल्लु. शोकाच्या घरात दिवसभर दुधाच्या चहाचे कप फिरतात, कोणी नीट जेवत नाही, आणि मग रात्री झोप कुठून येणार? दुपारनंतर चहापत्ती बंद करून गवती चहा आणि आल्याचा काढा ठेवावा. आमच्या शेजारच्या काकूंनी पहिले दहा दिवस रोज संध्याकाळी तांब्याभर काढा आणून दिला. त्यांच्या अंगणातलं तुळशीवृंदावन आणि आमच्या दारातला क्रूस यांच्यात त्या तांब्याने कधी भांडण लावलं नाही. तुळशीची चार पानंही त्यात असत. ग्रीक ख्रिस्ती लोकांच्या चर्चमध्ये १४ सप्टेंबरच्या क्रूसाच्या सणाला तुळशीच्याच जातीच्या झाडाच्या डहाळ्या क्रूसाभोवती सजवतात, हे मी काकूंना सांगितलं तेव्हा त्यांना फार मौज वाटली.

बाटलीतली अर्कतेलं, म्हणजे लव्हेंडर, गवती चहाचं तेल, गुलाबाचं तेल, ही फार तीव्र असतात. किलोभर गुलाबतेलाला तीन-चार हजार किलो पाकळ्या लागतात. तेव्हा पन्नास रुपयांत 'शुद्ध गुलाबतेल' मिळालं तर त्यात काय असेल, ते ओळखा! ही तेलं तशीच अंगाला लावू नयेत. दोन चमचे खोबरेल किंवा तिळाच्या तेलात दोन ते चार थेंब पुरे. वयस्कर माणसांना दोनच. आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस पाहावं. नुसता वास घ्यायचा तर रुमालावर एक थेंब घालून उशीपासून हातभर लांब ठेवावा.

जटामांसीच्या मागे मात्र लागू नका. मागणी वाढली, आणि अतिउपशाने ती हिमालयातून नाहीशी व्हायच्या बेतात आली आहे. धोक्यातल्या वनस्पतींच्या जागतिक यादीत ती अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदलेली आहे. मरीयेचं प्रेम आपल्याला वाळ्यातूनही दाखवता येतं.

इथे थांबा

काही गोष्टी स्पष्टच सांगते.

अर्कतेल पोटात घेऊ नका, कुणी कितीही सांगो. निलगिरीचं तेल आणि कापूर लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका. चमचाभर पोटात गेलं तरी मुलाला झटके येऊ शकतात. शोकाच्या घरात पाहुण्यांची पोरं मोकाट असतात आणि मोठ्यांचं लक्ष नसतं, म्हणून हे मुद्दाम सांगते. घरात दम्याचा, फेफऱ्याचा रुग्ण किंवा गरोदर मुलगी असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. बंद खोलीत उदाचा धूर करू नका. रक्तदाबाची, रक्त पातळ करायची किंवा झोपेची गोळी चालू असेल तर ती कुठल्याही मुळीसाठी बंद करू नका, आणि कुठलंही चूर्ण चालू करताना डॉक्टरांना दाखवा. आपल्या बेळगावातच आयसीएमआरची पारंपरिक औषधांची राष्ट्रीय संस्था आहे. तिथे झाडपाल्याची पारख प्रयोगशाळेत होते. पाल्याला औषध म्हणायचं तर त्याचे गुण आणि दोष दोन्ही मानावे लागतात.

आता ते 'प्रार्थना केलेलं' विकाऊ तेल. याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात म्हटलं आहे की आजारी माणसाने मंडळीच्या वडिलांना बोलवावं आणि त्यांनी तेल लावून त्याच्यासाठी प्रार्थना करावी. म्हणजे माणसांनी घरी यायचं आहे. तेलाचं पार्सल मागवायचं असं त्यात कुठेच नाही. निर्गमाच्या ३०व्या अध्यायात पवित्र अभिषेकाच्या तेलाची कृती मापासकट दिली आहे, आणि लगेच ताकीदही दिली आहे की असलं तेल सामान्य माणसाच्या अंगाला लावायला कुणी बनवू नये. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात शिमोन जादूगार देवाचं दान पैशांनी घ्यायला आला, तेव्हा पेत्राने त्याला किती खडसावलं ते वाचा. ज्या तेलाची किंमत त्यावर केलेल्या प्रार्थनेमुळे वाढते, ते घेऊ नका. नवरा गेलेल्या बाईच्या भीतीवर कोणी धंदा करू नये, आणि आपण तो चालू देऊ नये. त्याच चालीने, उंबऱ्याला वेखंड, म्हणजे कन्नडातलं बजे, पुरलं की गेलेलं माणूस 'परत येत नाही' असं सांगणारेही भेटतील. वेखंड पोटदुखीच्या पेटीत राहू द्या. गेलेल्या माणसाची भीती कशाला? तो आपलाच होता!

आणि शेवटचं, सगळ्यात महत्त्वाचं. रडू येणं, झोप न येणं, अन्नावर वासना नसणं हा आजार नव्हे. पण सहा महिन्यांहून जास्त काळ उलटला, तरी तीच तीव्रता रोज असेल, घरचं-बाहेरचं काम होतच नसेल, जगण्यातच अर्थ वाटत नसेल, तर तेलाने भागणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या रोगांच्या वर्गवारीत अशा लांबलेल्या शोकाची वेगळी नोंद आहे, आणि त्यावर उपचार आहेत. सरकारची टेलिमानस सेवा २०२२च्या ऑक्टोबरपासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर फुकट बोलता येतं, आणि आपल्या भाषेत बोला म्हणावं. पाळकसाहेबांशी बोलणं, डॉक्टरांकडे जाणं आणि तळपायाला तेल चोळणं, या तिन्ही गोष्टी एकाच दिवशी करता येतात. त्यांच्यात भाऊबंदकी नाही. खानापूरच्या भगिनी, तुम्हाला आठ महिने झाले आहेत. बहिणीची बाटली जरूर वापरा, पण एकदा डॉक्टरांनाही दाखवून या.

शोकाच्या घरी भेटायला जाणाऱ्यांसाठी दोन शब्द. ईयोबाचे मित्र त्याच्या दुःखात भेटायला आले, तेव्हा सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसून राहिले. त्यांचं सगळं बिघडलं ते तोंड उघडल्यावर! आपणही जाताना 'देवाची इच्छा' हे वाक्य घरी ठेवून जावं आणि वाळ्याच्या तेलाची छोटी बाटली किंवा गवती चहाची जुडी घेऊन जावी. पहिल्या आठवड्यात सगळेच येतात. तुम्ही तिसऱ्या महिन्यात जा. तेव्हा घर रिकामं असतं. विचारा, "केस विंचरून देऊ का?" नको म्हणाली तर नुसतं बसा.

तुमच्या घरी अशा दिवसांत काय करतात, काय करत नाहीत, ते मला जरूर कळवा. मराठीत कळवा, कन्नडात कळवा, किंवा अर्धं त्यात आणि अर्धं यात.